माझ्या मनगटाचं निमित्त

धुळे,
सोमवार सकाळ

प्रिय जागृती,

अक्षर नीट बघ. उजव्या हाताचं आहे. प्लास्टर निघून आज बारा दिवस झाले. जोडाक्षरं काढताना मनगट अजून थोडं कुरकुरतं, पण परवा मी याच हातानं नळाची तोटी घट्ट पिळली, काल कणीक मळली, आणि आज सकाळी याच हातानं तुला एक ठेवून द्यावीशी वाटली. तू समोर नव्हतीस म्हणून पत्र लिहिते आहे. फोन करणार नाही. तुमच्या घरी फोन म्हणजे ग्रामसभा. तू स्पीकर लावतेस, तुझी आई स्वयंपाकघरातून उत्तरं देते आणि शेजारचे उखर्डूकाका मधेच विचारतात की धुळ्याला पाऊस आहे का. मला तुझ्या एकटीशी बोलायचं आहे. आमच्या वरच्या मजल्यावरची कमलबाई उद्या भडगावला माहेरी जाते आहे, तिच्या हाती हे पाकीट देते. ते तुझ्याच हातात द्यायचं असं तिला दोनदा बजावलं आहे.

मला कसं कळलं ते आधी सांगते. काल सकाळी गल्लीच्या तोंडाशी मी मेथी निवडून घेत होते, तर पितांबरनाना लांबूनच हात जोडत आले. म्हणाले, "अक्का, भाची शे का सोनं शे! तुमनासाठे हैद्राबाद सोडी दिधं म्हने!" त्यांच्या भागाबाईंनी तिथल्या तिथे माझ्यावरून कडाकडा बोटं मोडली. मला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. हातात मेथीची जुडी धरून मी नंदीबैलासारखी मान डोलवली. संध्याकाळपर्यंत तीन बायका येऊन माझं नशीब बघून गेल्या. एकीनं तर डोळे पुसले. मग मी ज्ञानेश्वरला फोन केला. तुझा बाप मला म्हणाला, "अक्का, मी सतरा वेळा सांगितलं तिला, जा म्हणून. ती म्हणते फुईला हातानं पाणी घेता येत नाही, मी जळगावला एम.ए. करीन आणि शनिवार-रविवार धुळ्याला जाऊन तिचं बघीन." आणि एवढं बोलून त्याचा आवाज बसला. पन्नाशीचा माणूस! हातानं पाणी घेता येत नाही! माझी बादली गेला आठवडाभर कोण उचलतंय, पितांबरनाना?

तू तीन वर्षं या घरात राहून बी.ए. झालीस. तुझे केस मी विंचरले, तुझ्या निबंधातल्या चुका मी लाल पेनानं खोडल्या, परीक्षेच्या दिवसांत तुझ्यासाठी मी टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघितली. मी पायरीवरून पडले तेव्हा तू रिक्षात माझा हात मांडीवर धरून बसली होतीस आणि प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याला शिव्या देत होतीस. ते सगळं खरं होतं, ते मी विसरलेली नाही. म्हणूनच माझा संताप होतो. ज्या हाताची तू एवढी सेवा केलीस, त्याच हाताचा तू पडदा केलास आणि त्याच्यामागे जाऊन लपलीस.

एक गोष्ट स्पष्ट करते, नाही तर उद्या म्हणशील की फुईला गावाकडचं काही पटत नाही. जळगावचं टेकडीवरचं आपलं विद्यापीठ वाईट नाही. माझे दोन विद्यार्थी तिथे शिकवतात. गिरणेचा पूल ओलांडून बस वर चढायला लागली की मला अजूनही प्रसन्न वाटतं. मला जळगावच हवंय, असं तू सरळ म्हणाली असतीस तर मी पेढे घेऊन आले असते. पण तुला भाषाविज्ञान शिकायचं होतं. आहिराणीवर काम करायचं होतं. त्यासाठी वर्षभर तू प्रवेश परीक्षेचा अभ्यास केलास, आणि हैदराबादेत जागा मिळाली तेव्हा उखर्डूकाका म्हणाले होते, "आहिराणी शिकाले हैद्राबाद? मंग भरीत शिकाले दिल्ली जाय!" सगळे हसले. तू म्हणालीस, "काका, तुम्हाला पोट आहे म्हणून तुम्ही डॉक्टर झालात का?" तुझ्या बापाला इतका जोराचा ठसका लागला की तुझी आई सुनिता पाणी घेऊन धावली. ती मुलगी कुठे गेली?

ती कुठे गेली ते मला माहीत आहे. तू गॅलरीत बसली होतीस, गुडघ्यावर मोबाईल. जागा मिळालेल्या मुलांचा तो गट होता. मी चहा घेऊन आले आणि माझ्या नकळत वाचलं गेलं. दिल्लीच्या कुणा मुलीनं विचारलं होतं की आहिराणी म्हणजे मराठीची बोली की गुजरातीची? खाली दुसऱ्या कुणीतरी पाच ओळींचं उत्तर दिलं होतं, त्यात दोन इंग्रजी पुस्तकांची नावं होती, आणि ते उत्तर देणारा खानदेशातला नव्हताच. तू तीनदा काहीतरी टाइप केलंस आणि तीनदा पुसलंस. मग मोबाईल पालथा ठेवलास. रात्री जेवली नाहीस. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतंय म्हणालीस. तिसऱ्या दिवशी तुला एकाएकी माझ्या मनगटाची जास्तच काळजी वाटायला लागली. मी तेव्हा गप्प बसले, ही माझी चूक. मला वाटलं, पोर आहे, सावरेल.

आता मी जे लिहिणार आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या फुवांनाही नाही. ते गेले तेही खोटंच बरोबर घेऊन गेले.

माझी एक गोष्ट आपल्या घरात सगळ्यांना पाठ आहे, तुलाही. हेमलताला बडोद्याला एम.ए.ला जागा मिळाली होती, पण आबांनी बारा दिवसांत तिला परत बोलावून घेतलं. तू शाळेत 'माझी फुई' असा निबंध लिहिलास त्यातसुद्धा ते होतं. मला तो वाचून दाखवलास तेव्हा मी तुला जवळ घेतलं होतं. काय म्हणून घेतलं असेल, कोण जाणे.

आबा एस.टी.त कंडक्टर. जळगावला बिऱ्हाड होतं तेव्हा त्यांनी मला कॉन्व्हेंटात घातलं, पुढे सगळी भडगावला गेली तरी मी शिकायला मावशीकडे जळगावातच राहिले. पहिलीपासून मी इंग्रजीत पहिली. वर्गात आहिराणी तोंडातून निघाली की सिस्टर शंभर ओळी लिहायला लावत. मी दुसऱ्या वर्षीच ती तोंडातून काढणं बंद केलं. बक्षिसं मिळाली की आबा ती बसमध्ये घेऊन जात आणि ओळखीच्या प्रवाशांना दाखवत. बडोद्याला जायचं ठरलं तेव्हा त्यांनी रजा टाकली आणि पत्र्याची ट्रंक घेऊन ते माझ्याबरोबर सुरतेच्या गाडीत बसले. आईनं, म्हणजे तुझ्या आजीनं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी बांधून दिल्या होत्या. नंदुरबार गेल्यावर आबांनी त्या सोडल्या आणि डब्यातल्या सगळ्या प्रवाशांना वाटल्या. मी खिडकीकडे तोंड करून बसले होते, मला त्या भाकरीची लाज वाटत होती. वसतिगृहाच्या फाटकाशी ते म्हणाले, "कोनी काही बोलनं तं इंग्रजीमा दाबी टाकजो." आणि स्वतःच्याच विनोदावर हसत ते स्टेशनकडे गेले.

कोणी काही बोललं नाही गं. कोणाला माझ्याशी बोलायची गरजच नव्हती. वर्गात अठरा जणी-जणे, त्यातले दहा माझ्यापेक्षा चांगले. पहिला निबंध परत आला, त्यावर शेरा होता, 'पुन्हा लिहा.' एवढाच. माझ्या आयुष्यात मला कुणी 'पुन्हा लिहा' म्हटलं नव्हतं. तो मी पुन्हा लिहिला नाही. दोन दिवस खोलीत बसले, आणि बाराव्या दिवशी आई आजारी आहे असं वॉर्डनला सांगून ट्रंक उचलली. आई तेव्हा भडगावच्या बाजारात खणखणीत आवाजात वांग्यांचा भाव करत होती.

जळगावच्या स्टँडवर मला आबांचीच गाडी मिळाली. त्यांनी मला बघितलं, ट्रंककडे बघितलं. प्रवासी चढत होते. त्यांनी ट्रंक मागे ढकलली आणि मला स्वतःच्या जागेवर बसवलं. अर्ध्या वाटेत गर्दी जरा कमी झाल्यावर माझ्यापाशी वाकून म्हणाले, "घर काय सांगवानं?" आणि जागृती, मी त्यांना सांगितलं, तुम्हीच बोलावून घेतलं असं सांगा. माझेच शब्द ते. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या माणसाला तिकीट फाडून दिलं.

त्यानंतर माणसं त्यांना बसमध्ये टोमणे मारत, "कंडक्टरनीच पोरले अर्ध्या वाटमा उतारी दिधं!" ते हसून म्हणत, "पोर बिगर माले करमनं नही." मी बहिःस्थ एम.ए. केलं, बी.एड. केलं, धुळ्याच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आणि त्या एकतीस वर्षांत हळूहळू मला ते खरंच वाटायला लागलं. कुणी विचारलं की मी सुस्कारा सोडायची. सुस्कारा सोडण्यात मी तरबेज झाले. एका दिवाळीला तर मी आबांवर खरोखर चिडले, की तुम्ही मला अडवलंत! ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग करंजी उचलून खायला लागले.

ज्ञानेश्वर तेव्हा दहा वर्षांचा होता. अक्का परत का आली, तर आबांनी आणली, एवढं त्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच. तो मोठा झाला तो बापाशी तुटक बोलत. तू जन्मलीस तेव्हा तो दवाखान्याच्या ओसरीत सगळ्यांसमोर म्हणाला होता की ही चंद्रावर जाते म्हणाली तरी मी आबांसारखा आडवा येणार नाही. आबा तिथेच उभे होते, हातात तुझ्यासाठी आणलेलं झबलं. ते जायच्या आदल्या दिवशी, तू तेव्हा पाच वर्षांची होतीस, ज्ञानेश्वर त्यांच्या खाटेशी बसून म्हणाला, "आबा, सगळं ठीक आहे, पण तुम्ही अक्काचं बडोदं खाल्लं." आबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

तर आता तुला कळलं असेल की माझा राग फक्त तुझ्यावर नाही. पण तुझ्यावर आहेच, आणि तो कमी करायचा माझा विचार नाही. तुझा बाप तुला अडवत नाही, आई अडवत नाही, अडवणारं घरात कोणीच सापडेना म्हणून तू मला उभं केलंस. चार-दोन वर्षांत तूही सुस्कारा सोडायला शिकशील. फुईसाठी सोडलं हो! आणि मी जिवंत असेपर्यंत आबांसारखी तुझ्याकडे बघत करंजी खायची? मला नाही जमणार. तेवढी मोठी मी नाही.

गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत हैदराबादला होकार कळवायचा आहे, हे मला ज्ञानेश्वरकडून कळलं. तू जा, असं मी म्हणणार नाही. भीती वाटत असेल तर राहा, जळगावला शीक, तिथेही कुणीतरी तुला 'पुन्हा लिहा' म्हणेलच. पण राहायचं तर बापासमोर उभी राहून सांग की मला भीती वाटते. आणि हे पत्र मी तुला पाठवलं असलं तरी यातलं बरंचसं मला ज्ञानेश्वरला लिहायचं होतं. काल त्याचा आवाज बसला तेव्हापासून तीनदा कागद घेतला, 'प्रिय ज्ञानेश्वर' याच्या पुढे हात सरकला नाही. तुझ्या नावानं सरकला. म्हणून वाचून झालं की हे त्याच्या हातात दे. त्यात तुझं खोटंही त्याला कळेल, मला माहीत आहे. माझं कळेल तेव्हा तुझं त्याला फार मोठं वाटणार नाही. तुला हे देववलं नाही तर फाडून टाक, मी विचारणार नाही. बुधवारी सकाळी साडेसातच्या गाडीनं मी भडगावला येते आहे. माझी पिशवी माझी मी उचलीन. त्याला समोर बसवीन आणि आबांनी मला बोलावलं नव्हतं, हे तोंडानं सांगेन. स्पीकर लावायचा तर लाव, उखर्डूकाकांनाही ऐकू दे. माझं सांगून होईल, मग मी तुझ्याकडे बघेन. त्या वेळी पांघरूण सारखं करत बसू नकोस.

तुझ्यावर संतापलेली, तरी तुझीच,
हेमफुई