फ्रिजमधली घटसर्पाची लस

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार

नवी डायरी. औषध कंपनीच्या पोऱ्यानं दिली. पहिल्या पानावर जर्सी गाय हसून राहिली.

संकल्प एकच. जयंतीच्या आत, म्हणजे चौदा एप्रिलच्या आत, महामाया मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत परत आली पाहिजे.

सहा वर्षं झाली. गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं, दवाखान्यातून घरी आली आणि गादी उचलून मागं गेली. विचारलं तर म्हणाली, तुम्ही लई घोरताव. घोरतो तर मी लग्नापासून. सत्तावीस वर्षं. म्हणजे कारण दुसरं. ते मला माहीत आहे. शुगर लागल्यापासून माझी गाडी सुरूच होत नाही. बाईमाणूस, तोंडानं कशी बोलणार? बाकी आपल्या वागण्यात काही चुकलं का, ते पण आठवून पाहिलं. पाऊण तास. काही सापडलं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रजा टाकून लातूर. अहमदपुरात या कामाला जाणं शक्य नाही. सगळा तालुका मला ओळखतो.

डॉक्टर तरुण, सडपातळ. गोळ्या खाऊन झाल्या, नुसतं डोकं दुखलं, असं सांगितलं. शुगर, बीपी, रक्त पातळ करायच्या गोळ्या, सगळं विचारलं. मग म्हणाले, इंजेक्शन आहे. म्हणलं, दंडात का कमरेत? म्हणाले, तिथंच. खुर्चीचा हात घट्ट धरला. मग सावरून म्हणलं, काही हरकत नाही, तीस वर्षांत लाखभर इंजेक्शनं दिलीत. खूष झाले. कुणाला, म्हणून विचारलं. म्हणलं, म्हशी, बैल, शेळ्या. पशुधन पर्यवेक्षक आहे. डॉक्टरनं पेन खाली ठेवला.

पुढच्या मंगळवारी पत्नीला घेऊन या म्हणाले, दोघांना शिकवतो. म्हणलं, ती माहेरी गेली, निलंग्याला. (घरी तूर पाखडत होती.)

११ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला डोस डॉक्टरनं स्वतःच्या समोर घ्यायला लावला. इन्सुलिनची बारीक सुई. मुंगी चावावी तेवढंच. मग डॉक्टर बाहेर गेले. दहा मिनिटांत काम झालं! सात वर्षांनी! खोलीत मी एकटा, समोर भिंतीवर किडनीचं चित्र. डोळ्यांत पाणी आलं. आनंदानंच असणार.

नियम सांगितले. सिरिंजवर पेनानं खूण करून दिली, त्या रेषेच्या वर जायचं नाही. एकदा उजवी बाजू, एकदा डावी. नंतर पाच मिनिटं कापूस दाबून धरायचा. चोवीस तासांत एकदाच, काम झालं नाही तरी दुसरा डोस नाही. आणि चार तासांत उतरलं नाही तर लाज न धरता सरळ दवाखाना. हे शेवटचं तीनदा सांगितलं. मी मान हलवली. आपल्याला काय शिकवणार!

बाटली थंड ठेवायची, म्हणून लसीचा डबा बर्फासकट घेऊनच गेलो होतो. एसटीत मांडीवर. शेजारच्या पटकेवाल्या मामानं विचारलं, कशाची लस हाय डाक्टर? म्हणलं, लाळ्या खुरकूत. म्हणाला, आमच्या गावाला कवा येताव? म्हणलं, गुरुवारी. आता गुरुवारी जावं लागणार.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बाटलीवरचं लेबल खरवडून वर पट्टी लावली: घटसर्प. जनावराची लस म्हणल्यावर घरात कुणी हात लावत नाही. महामायानं फ्रिज उघडला, पाहिलं, विचारलं, ही कशाची? म्हणलं, वाचता येतं ना, घटसर्पाची. बरं, म्हणाली. दह्याच्या पातेल्यामागं नीट सरकवून ठेवली. सत्तावीस वर्षं माझ्या लशी सांभाळून राहिली, कधी उलटा प्रश्न नाही. अशी बायको मिळायला नशीब लागतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

महामाया विहारात वंदनेला. घर मोकळं. सुई भरली. टोचवेना. मारक्या वळूला टोचताना कधी मागं हटलो नाही! घाम फुटला, मोरीतच खाली बसलो. डोस वाया. कारण: मोरीतला बल्ब फार बारीक आहे. उद्या मोठा आणणे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंतीची सुट्टी. नवा बल्ब. डावी बाजू. रेषेपर्यंतच. कापूस पाच मिनिटं. सगळं फस्ट क्लास. दुपारी तीनला मागच्या खोलीच्या दारात उभा.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. चष्म्यावरून पाहिलं, म्हणाली, तोंड काहून उतरलं, शुगर कमी झाली का? म्हणलं, नाही. म्हणाली, बसा जरा. आता डोसाचा टाइम तासभराचा, बसायला वेळ कुठं होता? तरी टेकलो. तर तिनं ऑपरेशनचं काढलं. त्या वक्ताला मी वॉर्डात एकलीच, असं काहीतरी. म्हणलं, ते झालं गेलं, आता काय त्याचं? ती परत घड्या घालू लागली. मी उठलो. मग पुढच्या खोलीत येऊन टीव्ही लावला.

निष्कर्ष: डोस कमी पडला. माझ्यात ती जुनी ऐट दिसली नसणार.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी ९. वजन केलं. चौऱ्याऐंशी किलो. आमच्या लाइनीत डोस अंगाप्रमाणे, शेळीला वेगळा, म्हशीला वेगळा. डॉक्टर स्वतः पन्नास किलोचा, त्यानं आपल्या अंदाजानं रेष मारली. ही चूक माझ्या आधीच लक्षात यायला पाहिजे होती.

दु. १.१५. रेषेपर्यंत.

दु. १.४५. बेताचंच वाटून राहिलं. उरलेला डोस दुसऱ्या बाजूला. अंगाप्रमाणे आता बरोबर.

दु. २.०५. जबरदस्त! डॉक्टरला पत्र लिहून कळवावं.

दु. ३.००. महामाया विहारातून आली. सोबत शेजारच्या भामाबाई. दोघी ओट्यावर मटार सोलत बसल्या. मी मांडीवर उशी घेऊन पेपर वाचत.

४.००. भामाबाई अजून आहेत. मटार संपत नाहीत.

४.४५. दुखून राहिलं. बर्फ लावला. अंगणात वीस चकरा मारल्या. भामाबाई म्हणाल्या, भाऊजी आज लई फिरायलेत.

६.०५. चार तास. भामाबाई गेल्या. उतरत नाही. इथल्या दवाखान्यात जाऊ कसा? तिथल्या वॉचमनच्या गाई मी टोचल्या. उद्या सकाळपर्यंत उतरेल. जनावरांत असं कधी पाहिलं नाही, म्हणजे काळजीचं नसावं.

६.४०. सहन होईना. सांगितलं. सगळं. भिंतीकडं बघून.

२४ फेब्रुवारी, सोमवार. लातूर, दवाखाना

ती ओरडली नाही. फ्रिज उघडून बाटली घेतली, माझ्या कपाटातून लातूरच्या डॉक्टरची फाइल काढली, फाइलीवरच्या नंबरवर डॉक्टरला फोन लावला. ते म्हणाले, आत्ताच्या आत्ता निघा. आमच्या गुरांच्या दवाखान्यातल्या व्यंकटला गाडी घेऊन बोलावलं. साहेबांच्या पोटात दुखायलंय, एवढंच त्याला सांगितलं. वाटेत बाटली ओंजळीत धरून बसली होती. मला हळूच म्हणाली, पहिल्या दिवशीच कळलं होतं. घटसर्पाची लस पावसाळ्याच्या तोंडावर देतेत, मे महिन्यात. फेब्रुवारीत न्हाई देत.

इथं सुईनं रक्त ओढून काढलं, उलटं औषध दिलं. लई दुखलं. उतरलं. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असता तर कायमचं अधू झालं असतं. औषध चांगलं आहे, तुम्ही डोस म्हशीचा घेतला.

फॉर्मवर सही तिची. नातं: पत्नी. सकाळी नर्स म्हणाली, काकू, जरा घरी जाऊन या, आम्ही आहोत. ती म्हणाली, नगं. माणूस एकलं पडलं की कसं वाटतंय ते मला ठावं हाय. मी डोळे मिटून घेतले. तिला वाटलं झोपलो. पांघरूण नीट केलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

घरी. ती विहारात गेल्यावर माळ्यावरून २०१९ ची डायरी काढली. मे महिना. माझं अक्षर तेव्हा चांगलं होतं.

‘१४ मे, मंगळवार. घटसर्प कॅम्प, दिवस पहिला. ३१२ जनावरं. म. चं ऑपरेशन आज. नीट झालं असावं.’

‘१५ मे. २८७ जनावरं. एका गाभण म्हशीला रिअ‍ॅक्शन. रात्रभर तिच्यापाशी बसलो. जनावर मुकं, एकटं कसं सोडणार.’

‘१६ मे. म्हैस उठली. चारा खाल्ला. फार समाधान.’

‘१७ मे. म. ला घरी आणलं.’

एवढंच. तीनदा वाचलं. बाप रे, काय माणूस आहे मी! म्हशीला काय झालं होतं, कुठं सूज होती, सगळं अजून आठवतं. हिला किती टाके पडले, ते मला माहीत नाही.

संध्याकाळ. ती आल्यावर मागच्या खोलीत गेलो. औषध घेतलं नव्हतं. खाली बसलो. विचारलं, तेव्हा कुठं दुखत होतं तुला?

घडी घालता घालता थांबली. मग म्हणाली, तेव्हा विचारलं असतं तर सांगितलं असतं. आता ध्यानात न्हाई.

उठा म्हणाली नाही, म्हणून बसून राहिलो. थोड्या वेळानं तिनं चादरीचं एक टोक माझ्याकडं दिलं. दोघांनी मिळून घडी घातली. मग ती दिवा मालवून भिंतीकडं तोंड करून झोपली, आणि मी पुढच्या खोलीत आलो.