दादांचं जपानी मशीन

अंजूर,
४ नोव्हेंबर २०२५

चि. केसरीनाथ भावोजींस, अनेक आशीर्वाद.

फरक काय, म्हणून विचारता? मग ऐका. फोन मी उचलणार न्हाय, फोनवर तुमी मला बोलू देत न्हाय. कागद मुकाट वाचावा लागतो.

मी चार दिस खारबावला लेकीकडं काय गेले, तुमी मागं टेम्पो लावून तुमच्या दादांचं जपानी मशीन उचललं अन् जागेवर ही नवी कोरी कॉपी ठेवून गेले. वर सूनबाईच्या, उन्नतीच्या हाती निरोप, की वहिनी, सेम टू सेम हाय, उलट रंग चकचकीत हाय. भावोजी, तुमीपण मिशीला मेंदी लावता, म्हणून काय तिशीचे झालात?

तुमचे दादा गेल्यावर चार वर्षं त्या मशीनवर चामड्याची पाकिटं शिवून मी पोट भरलं. खऱ्या मशीनचा वरचा पाय, खालचे दात अन् सुई, तिघं एका पावलात चालतात. चार थर चामडं घाला, टीप हलत न्हाय. शेवटी टाका पक्का करायला उलटं चालवलं की सुई बरोब्बर त्याच भोकात परत जाते. कॉपीची सुई शेजारी नवं भोक पाडते. कापडाचं भोक बुजतं, चामड्याचं बुजत न्हाय. भोकाला भोक लागलं की जोर पडल्यावर चामडं पोस्टाच्या तिकिटासारखं टर्रकन फाटतं. कळला फरक?

मशीन परत आणा. न्हायतर शेलारला येऊन तुमच्या दारात बसेन अन् येईल त्याला तुमचं लहानपणीचं नाव सांगेन. नातवंडांना पण.

लोभ हाय तेवढाच ठेवा. वाढला की तुमी सामान उचलता.

जानकीवहिनी


शेलार,
६ नोव्हेंबर २०२५

ती. वहिनीस, शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. शिव्या सोडल्या तर सगळं कामाचं निघालं. गोदामांवर पत्रे ठोकणारा एक ठेकेदार आला होता. त्याला तुमचा उलट्या टिपेचा मजकूर वाचून दाखवला, मशीनवरची जपानी पाटी दाखवली. माणूस एकदम खूश. जागेवर ऑर्डर दिली, साठ कमरपट्ट्यांची. कामगार दोरी अडकवून वर चढतात ना, ते चामडी पट्टे.

आता तुम्हीच सांगा, असलं मशीन पाकिटं शिवण्यात कशाला कुजवायचं? मागितलं असतं तर तुम्ही दिलं नसतं, म्हणून विचारलं नाही. चुकलं माझं. पण परत देणार नाही.

पहिला पट्टा देवूला दिला. दादांकडे चामडं कापायला होता, तोच. आता पत्र्याच्या कामावर आहे. शनिवारी सकाळी तोच पट्टा बांधून चाळीस फुटांवर चढणार आहे.

राग उतरला की चहाला या. माया पातळ करू नका.

आपला,
केसरीनाथ


अंजूर,
७ नोव्हेंबर २०२५, दुपार

केसरीनाथ भावोजी,

आशीर्वाद मागनं देते. शेजारची मेघाली रिक्षानं हे पत्र घेऊन येतेय, तिच्यासमोरच वाचा. तीनदा फोन लावला, आता तुमी उचलत न्हाय. मीच शिकवलं, दुसरं काय.

देवूला पण फोन केला. उद्या चढू नको म्हटलं, तर हसतो मेला. म्हणाला, पट्टा दादांच्या मशीनवरचा हाय वहिनी, त्याला लटकून मी झोका घेईन. माझं ऐकत न्हाय. त्याच्या ठेकेदाराला तुमीच आत्ता सांगा. पट्टा परत मागवा अन् शिवलेले सगळे कात्रीनं कापा. कापायच्या आधी एकाची शेवटची टीप उजेडात धरून बघा. भोकाला भोक लागलेलं दिसेल.

माझा राग अजून गेलेला न्हाय. तुमच्या दादांच्या बाराव्याला माणसं पंगतीत बसली होती, अन् तुमी आतल्या खोलीत फीत घेऊन त्या मशीनच्या टेबलाचं माप काढत होता. मी दारात उभी होते. कुंकू पुसून बारा दिस झाले होते अन् तुमाला टेम्पोत काय मावेल ते बघायचं होतं.

लोभ ठेवायचा का तोडायचा, ते पुढचं वाचून ठरवा.

खरं मशीन मी त्याच महिन्यात विकलं. तुमाला मिळू नये म्हणून विकलं. त्याची जपानी पाटी काढून मी माझ्या हातानं, त्या पैशातनं आणलेल्या कॉपीवर ठोकली. चार वर्षं मी कॉपीवरच शिवते. तुमी उचलून नेली ती कॉपी हाय.