थोरली लाल, धाकटी पांढरी

प्रिय उस्ताद,

नवऱ्याला असं कुणी लिहितं का, म्हणशील. पण अख्खी गॅरेजची गल्ली तुला उस्ताद म्हणते, मीही म्हणते, आता पत्रापुरतं नवीन नाव कुठून आणू? हे मी बसमध्ये बसून लिहितेय. शाळा सुटायला अवकाश आहे, बस फाटकासमोर लावलीय आणि स्टीअरिंगवर पुठ्ठा टेकवून त्यावर कागद घेतलाय, तेव्हा अक्षराला हसू नकोस. एका छपराखाली राहणारे, एकाच भांड्यातला चहा पिणारे नवरा-बायको एकमेकांना पत्रं लिहितात हे तुझ्या बहिणीला कळलं, तर पुढचा महिनाभर तिला दुसरा विषय लागणार नाही. पण तू अबोला धरलायस आणि मला काही गप्प बसवत नाही. म्हणून पांढऱ्यावर काळं करतेय. 'पांढरं' हा शब्द आला की तुझ्या कपाळाला आठी पडते, ठाऊक आहे मला. पडू दे.

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे तू माफीची वाट बघत शेवटपर्यंत वाचायला नको. मी शर्यतीची मशीन बदलली. नीट विचार करून बदलली, दिवसाढवळ्या बदलली, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बदलेन. माफीबिफी काही मिळायची नाही. चार फुगीर चाकं, मधे उघडं सीट, वर मोटरसायकलचं हँडल. रंग सोडला तर बाहेरच्या माणसाला लाल कंपनीची एटीव्ही आणि पांढऱ्या कंपनीची एटीव्ही यातला फरकही कळणार नाही. तुझी बहीण तर म्हणते, शेवटी चिखलातच लोळवायची ना, मग कंपनी कुठली का असेना. पण आपल्या घरात मी जणू कुणाचा खून केला.

लालने आपल्याला सगळं दिलं, हे मला कबूल आहे. तू स्वतः शर्यतीत पळायचास तेव्हाही लालच होती, आणि तुझा खांदा निखळल्यावर तू मला तुझ्या जागी बसवलंस तेव्हाही लालच होती. पहिल्याच वळणावर मी सीटला अशी काही चिकटले की तू मला घोरपड म्हणालास, आणि ते नाव मला कायमचं चिकटलं. एक गाडी झिजली की दुसरी यायची, पण ती लालच असायची, आणि आपण तिला 'थोरली'च म्हणायचो. धाकटी कधी येईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तुझी डांगरी लाल, गॅरेजचं दार लाल, हत्यारांची पेटी लाल. मला आंधळ्या माणसाशी लग्न केल्यासारखं वाटायचं, इतर रंग तुला दिसायचेच नाहीत.

मग मी धाकटीला घरी आणलं. टेम्पोतून उतरवताना तू दारात हाताची घडी घालून उभा होतास. तसाच आत गेलास, खडू घेऊन आलास आणि गॅरेजच्या फरशीवर मधोमध रेघ ओढलीस. भांडलेली पोरं बाकावर ओढतात तशी. म्हणालास, माझा हात यापुढे तुझ्या गाडीला लागणार नाही. त्यानंतर जो गप्प झालास तो झालासच. रेघेच्या अलीकडे तू, थोरली आणि घासूनपुसून टांगलेले तुझे पाने. पलीकडे मी, धाकटी आणि शेजाऱ्याकडून मागून आणलेली हत्यारं, ज्यातला हवा तो पाना नेमका नसतो. तुझ्या बहिणीने धाकटीचं नाव पांढरा हत्ती ठेवलं आणि दुसऱ्याच दिवशी हत्तीवर बसून फोटोही काढून घेतला. तो तुला दाखवलेला नाही.

शर्यतीच्या मैदानावर काय झालं ते तुझ्या कानावर आलं नसेल, तर मीच सांगते. तू आला नव्हतास. वर्षानुवर्षं ज्यांच्या तंबूत आपण बसलो, ज्यांना तू फुकट कार्बोरेटर जुळवून दिलेस, त्या लालवाल्यांनी मला बघून खुर्च्या फिरवल्या. कुणीतरी मागून 'फितूर' म्हणालं. मी वळून म्हटलं, समोर येऊन म्हण. कुणी आलं नाही. मग मी माझी घडीची खुर्ची त्यांच्या तंबूच्या बरोब्बर समोर मांडली आणि शर्यत सुरू होईपर्यंत तिथेच शेंगदाणे खात बसले. निष्ठा म्हणे. निष्ठा माणसाशी ठेवायची असते की पत्र्याच्या रंगाशी?

सगळे विचारतात, का बदललीस? मी जे सांगते ते तू भिंतीआडून ऐकलं असशीलच, म्हणजे ऐकलं असशील असं धरून चालते. धाकटी बसकी आहे, दोन चाकांमधलं अंतर जास्त, त्यामुळे वळणात कलंडत नाही. धक्के खाणारे शॉक लांब, उडीवरून पडल्यावर कंबर शाबूत राहते. आणि मुख्य म्हणजे तिला कार्बोरेटरच नाही. पेट्रोल किती आणि हवा किती हे तिचं तीच ठरवते, आत बसवलेल्या कॉम्प्युटरने. यात एक शब्द खोटा नाही. पहिल्या शर्यतीत मी पाचवी आले, दुसरीत दुसरी. सरळ रस्त्यावर माझ्या लेकी शोभतील अशा वयाच्या पोरी मागे पडताना दिसल्या आणि हेल्मेटच्या आत मी मोठ्याने हसले. आठवडाभर शाळेची बस गोगलगायीच्या वेगाने चालवणाऱ्या बाईला ते हसू परवडतं.

तरी धाकटी गुणी आहे असं मी म्हणणार नाही. खड्ड्यांची ओळ आली की ती मागून लाथ मारते. पुढचं चाक उतरतं न उतरतं तोच मागची बाजू मला हवेत भिरकावते. दुसरीत पहिला नंबर गेला तो त्या लाथेमुळेच. शॉकचा स्क्रू घट्ट केला तर दगड होतो, ढिला केला तर पिठाची गोणी. कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन आला, बघून गेला, म्हणाला सगळे आकडे बरोबर आहेत. आकडे बरोबर आणि माझी पाठ निळी. आता रविवारी अंतिम शर्यत आहे, आणि लाथ जशीच्या तशी आहे.

आता जरा मागचं आठवू दे. लग्नानंतर तू मला गॅरेजच्या मागच्या खोलीत बसवायचास आणि बाहेरून जाणाऱ्या गाड्यांची कुंडली सांगायचास. याची साखळी सैल, त्याचा सायलेन्सर फुटका, तो बघ, त्याचं पेट्रोल-हवेचं मिश्रण जाड झालंय. मी दारात पळत जाऊन बघायचे, तर खरंच तसं. बाकीचे मेकॅनिक प्लग काढून त्याचा रंग बघतात आणि मग कार्बोरेटर फिरवतात. तू म्हणायचास, प्लग बघून सेटिंग करणं म्हणजे चिठ्ठी बघून परीक्षा देणं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ उजव्या कानाला, डोळे मिटलेले, आणि तोंडावर असं हसू की मला त्या इंजिनाचा मत्सर वाटायचा. माझं बोलणं इतकं मन लावून तू कधी ऐकलं नाहीस, हे जाता जाता सांगून ठेवते.

गेल्या अंतिम शर्यतीच्या आधी थोरली टिकटिक करत होती. झडपांवरच्या टॅपेटची टिकटिक, बारीक, उंच. मला सीटवर बसल्याबसल्या कळत होती. तू शेजारी उभा राहून अंगठा वर केलास, म्हणालास, घड्याळासारखी चालतेय. मला वाटलं, उस्तादला ऐकू आलं असणार, त्याने सोडून दिलंय म्हणजे सोडण्यासारखंच असेल. शेवटच्या फेरीत मी पुढे होते आणि थोरलीने मैदानाच्या पलीकडच्या टोकाला जीव सोडला. घरी येऊन तू इंजिन उघडलंस. सुटलेला नट तळहातावर घेतलास आणि म्हणालास, कंपनीचा माल पूर्वीसारखा राहिला नाही. तुझ्या तोंडून लालची निंदा मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. आणि त्याच क्षणी मला कळलं की कंपनीचा माल होता तसाच आहे.

मग एकेक गोष्ट जुळत गेली. टीव्ही गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातो. फोन खिशात वाजत राहतो. तुझ्या बहिणीने मीठ मागितलं तर तू उठून पंखा लावलास आणि आम्ही दोघी हसलो, तूही हसलास, पण जरा उशिराने. माणसं बोलताना तू त्यांच्या ओठांकडे बघतोस. आणि हा अबोला! लोकांना वाटतं उस्ताद रागावलाय. रागावलायस तर खराच, पण अबोला तुला मानवलाय हेही मला दिसतं. कुणी बोललंच नाही, तर ऐकू आलं नाही हेही कुणाला कळत नाही.

त्या शर्यतीनंतर लालच्या मोठ्या टीमचा मॅनेजर मला भेटला होता, हे तुला माहीत नाही. नवी कोरी थोरली देतो म्हणाला, टायर-पेट्रोल सगळं त्यांचं. अट एकच, मेकॅनिकही त्यांचा. उस्तादांना आता आराम द्या, त्यांचे कान गेलेत हे सगळ्या मैदानाला ठाऊक आहे, असं म्हणाला आणि वर प्रेमाने हसला. मी त्याला सांगितलं, मी गाडी बदलेन, उस्ताद बदलणार नाही. तो वेड्यात काढून गेला. मीही इरेला पेटले होते. त्याच आठवड्यात मी कार्बोरेटर नसलेली गाडी शोधायला लागले. बिचारी थोरली, तिचा काही दोष नव्हता. ती बाद झाली कारण तिला कान असलेला माणूस लागतो.

परवा मी बस लावून लवकर आले, तेव्हा तू गॅरेजमध्ये थोरलीजवळ गुडघ्यांवर बसला होतास. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला होतं आणि मूठ कानाला नव्हती, दातात होती. हाडांतून काही ऐकू येतंय का ते तू बघत होतास. मी पाऊल न वाजवता मागे फिरले, आणि मग माझं मलाच हसू आलं, की पाऊल वाजवलं असतं तरी काय बिघडलं असतं. हसले आणि रडलेही. तर हे सगळं बोलायचं म्हटलं तर मला ओरडून बोलावं लागलं असतं, आणि तुझ्या कानांची गोष्ट गल्लीला ऐकू जाईल अशी मी ओरडणार नाही. म्हणून हे पत्र. कीव करत नाहीये, उस्ताद, कीव करायला मला फुरसत नाही. मला रविवारी जिंकायचंय. धाकटीला तुझे कान लागत नाहीत, म्हणून तर मी तिला आणलं. पण खड्ड्यांच्या वळणावर उभं राहून मागचं चाक कसं पडतं ते बघणारे डोळे तिला लागतात, आणि सीटवर तळहात दाबून शॉक किती घट्ट ठेवायचा ते ठरवणारा हात लागतो, आणि ते तुझ्याएवढे चांगले कुणाकडे नाहीत, लॅपटॉपवाल्याकडेही नाहीत. कानांचं आपण नंतर बघू, यंत्र आणू, तुझ्या आवडीच्या कंपनीचं, लाल मिळालं तर लाल. आज मी घरी आल्यावर काही बोलू नकोस, मीही बोलणार नाही. फक्त ती खडूची रेघ पुसलेली असू दे. नसली, तर रविवारी मी लाथा खात पळेन, पण पळेन. आणि मॅनेजरसमोर माझा मेकॅनिक कोण म्हणून कुणी विचारलं, तर तुझंच नाव सांगेन. तुला आवडो वा न आवडो.

तुझीच, गाडी बदललेली पण माणूस न बदललेली,
घोरपड

ता. क. स्क्रू ड्रायव्हर दातात धरायच्या आधी मूठ पुसत जा. ग्रीस पोटात जातं.