एकाच मापाचे सहा ड्रेस

प्रिय लंबू,

हे पत्र चौथ्यांदा लिहायला घेतलंय. आधीच्या तिन्हींत तुझ्या गुडघेदुखीची चौकशी करून झाली की पुढे सरकताच येईना, म्हणून फाडली. या खेपेला गुडघा बाजूला ठेवते. सकाळपासून हात जागेवर नाहीत. एका गिऱ्हाइकाच्या पॅन्टची तळपट्टी दोनदा उसवून दोनदा घातली आणि आता ती दोन्हीकडून वेगवेगळी दिसते. मशीनवर बसले की उठावंसं वाटतं, उठले की बसावंसं वाटतं. शाळेत मला बाई म्हणायच्या ना, हिच्या अंगात भिंगरी आहे म्हणून, तसं झालंय. फक्त तेव्हा मजा वाटायची.

तुझ्या धाकटीवर सिनेमा काढणारे माझ्याकडे येऊन गेले हे तुला ठाऊक आहे, तूच त्यांना माझा पत्ता दिलास. धाकटीचे फोटो दिलेस, तिचं नोकरीचं पत्रसुद्धा दिलंस. त्यांच्यातली कपडे सांभाळणारी बाई आली होती, गळ्यात सदानकदा टेप. मी तिला टेपवालीच म्हणते. म्हणाली, धाकटीच्या अंगावर शेवटी जो हिरवा ड्रेस होता तसाच हवा, तुमच्याच हातचा, आणि सहा हवेत. मी म्हटलं, सहा कशाला, तुमची हिरोईन आठवडाभर तोच घालणार का? तेव्हा तिनं समजावलं. मारहाणीचं ते एक दृश्य चित्रित व्हायला चार दिवस लागतात. त्यात ड्रेस जसजसा खराब होत जातो तसतसा प्रत्येक टप्प्याचा एक वेगळा लागतो. एक धड, एक बाही फाटलेला, एक मातीत लोळलेला, असे. फाडायचे तेही आधीच, नीट, कच्च्या टाक्यांवर. आयुष्यभर उसवलेलं शिवलं, आता शिवून उसवायचं होतं.

मापाची वही काढली. धाकटीचं पान मी कधी कुणाला दाखवलं नव्हतं. आठवतं तुला, तू तिला पहिल्यांदा घेऊन आलीस आणि स्वतः बाहेर पायरीवर बसून राहिलीस? मी टेप लावला तर हिनं डोळे गच्च मिटलेले. इंजेक्शन आहे का गं, म्हटलं, तेव्हा हसली. घरात तुझ्या वडिलांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. बाकी सगळ्यांना ती तुझा धाकटा भाऊच होती, तूच तेवढी तिला धाकटी म्हणायचीस, आणि तुझं ऐकून मी. चष्म्याच्या दुकानात काउंटरवर नोकरी लागली तेव्हा हा हिरवा ड्रेस शिवायला आली. दोन मागण्या होत्या. खिसे हवेत, आणि खांदे लहान दिसायला हवेत. मी बाहीची शिवण अर्धा इंच आत घेतली. जरा घट्ट होतं, पण आरशापुढून हलेना बया. तिला इतकी खूश मी आधी कधी पाहिली नव्हती.

आता चूक सांगते. हॉस्पिटलात तिचा ड्रेस कात्रीनं कापून काढला होता. पोलिसांकडे पिशवीत आहेत त्या नुसत्या चिंध्या. त्यामुळे आधी काय फाटलं आणि नंतर काय, हे कुठल्याच कागदावर नाही. टेपवाली तेच विचारायला आली होती, की आपण अंदाजानं ठरवू या. ती आली तेव्हा माझे सहाही ड्रेस तयार होते. खडूच्या खुणा केलेल्या, चिठ्ठ्या टाचलेल्या. दोन नंबरला डावी बाही मागून. तीन नंबरला गळा. चारला कमरेची शिवण, खिशासकट. सवयीनं करून बसले गं, काम हातात आलं की माझं डोकं बाजूला पडतं. तिनं चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या आणि विचारलं, "मावशी, हा क्रम तुम्हाला कसा माहीत?"

मी सांगितलं की कपडा कुठून आधी उसवणार ते शिवणाऱ्याला कळतं. तिला पटलं. पटलं नसेलही, पण तिनं लिहून घेतलं.

लंबू, तू वर्गात पहिली यायचीस, तुला इथेच कळलं असेल. तरी लिहिते. धाकटीला मारलं त्या दुपारी मी जेवायला घरी गेले नव्हते. पोलिसांना तसं सांगितलं, दुकानाला कुलूप होतं म्हणून सांगितलं, आणि तुलाही तेच. मी आत होते. शटर अर्ध्यावर ओढून डबा खात होते. शटरच्या भोकांतून मी सगळं पाहिलं. कोपऱ्यावर बसणारे तेच तिघं. आधी नेहमीचं चिडवणं, मग खिशात काय आहे दाखव, मग कपड्यांखाली काय आहे दाखव. भर दुपारी, रस्त्यावर कुणी नाही. खालच्या कोर्टात ते तिघं सुटले ते कुणी पाहिलं नाही म्हणून. तिला स्मशानात पोचवून आलो तेव्हा तू माझा हात धरून म्हणालीस की तू दुकानात असतीस तर तिला आत ओढून घेतलं असतंस. मी मान हलवली. ती मान मी तीन वर्षं हलवत आलेय. त्या तिघांतल्या एकाची आई अजून माझ्याकडे कपडे शिवायला टाकते, आणि मी तिचं माप घेते.

चित्रीकरणाला त्यांनी मला बोलावलं, टाके सांभाळायला. एका मोठ्या शेडमध्ये माझं दुकान उभं केलं होतं, पुठ्ठ्याचं आणि लाकडाचं, पण काचेवरची चीरसुद्धा हुबेहूब. आणि शटर पूर्ण खाली, त्याला बाहेरून हे मोठं कुलूप. माझ्या जबानीत होतं ना, म्हणून. धाकटीचं काम करणारी मुलगी तिच्यासारखीच आहे, तीही घरातून बाहेर पडलेली. शटरवर दोन्ही हातांनी थापा मारायची आणि प्रत्येक थापेला ते कुलूप खडखडायचं. माझं खोटं तिथे दिवे लावून, चारचारदा टिपून घेत होते. एकदा बाही वेळेवर फाटेना म्हणून मला आत बोलावलं. मी टाका सैल करत होते, तेव्हा मुलगी म्हणाली, "मावशी, आत कुणी असतं तर वाचली असती ना हो?"

सुई तिच्या दंडात घुसली. रडायला मात्र मीच लागले. मग दिग्दर्शिकेला बाजूला घेतलं आणि सांगितलं, ते कुलूप काढा, ते नव्हतं. तिनं दिवे बंद करायला सांगितले. त्या दिवशी पुढचं काम झालं नाही. संध्याकाळी मी तुझ्या वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, अपिलात नवा साक्षीदार घ्यायला परवानगी मागावी लागेल, मिळेलच असं नाही, आणि मिळाली तर समोरचा वकील मला सोलून काढेल. काढू दे. सोमवारी अकरा वाजता अर्ज आहे. तिघांचीही नावं मी लिहून दिली आहेत. भीती वाटते, खोटं कशाला बोलू, काल दोनदा कडी लावली का ते पाहून आले. पण आता मागे फिरायचं नाही.

एवढं तुला वकीलबाईंनीही सांगितलं असतं. पत्र त्याच्यासाठी नाही. एक गोष्ट मी त्यांना अजून सांगितलेली नाही, कोर्टात विचारलं तर सांगेन, पण ती आधी तुला कळायला हवी आणि माझ्याकडूनच. धाकटीनं थापा मारल्या नाहीत गं. शटर अर्ध्यावरच होतं. तिला माझे पाय दिसले. ती धावत आली, "ताई, मी आहे," म्हणाली आणि उचलायला शटरच्या खाली हात घातला. मी ते खाली ओढलं. चार बोटं आत राहिली होती. ती काढून घेईपर्यंत मी शटरच्या पट्टीवर दोन्ही पायांनी उभी होते.

तू म्हणू देशील तर तुझीच,
ठेंगू