जोडीदाराचा घास

श्रावण शुद्ध १०, शके १७८६

मूर्तिजापुराजवळच्या या गावात आज बिऱ्हाड लावलं. नगराकडे गुरांचा वैद्य म्हणून दहा गावं मला ओळखतात. पण इकडे कापसाला सोन्याचा भाव, त्यामुळे गाडीच्या बैलाला जावयाचा मान! जानराव पाटलांनी घर दिलं, दूध लावलं. सुभद्रा सातव्या महिन्यात आहे. सारखं कोवळं, हिरवं काहीतरी खावंसं वाटतं म्हणे. डोहाळे बाईसाहेबांचे, धावपळ आमची.

श्रावण वद्य ३

पावसानं दडी मारलीय. जानरावांचा एक बैल तासाभरात गेला. तोंडाला फेस, धाप, रक्त लालभडक. लगेच ओळखलं, किराळ! पावसावाचून खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत विष धरतं. दुसऱ्याला गूळ नि ताक पाजून वाचवलं. गावानं मला डोक्यावर घेतलं.

इथली रीत अशी की मेलेला बैल मालकाच्याच शेतात पुरतात, वर ज्वारी पेरतात आणि ती हिरवीच मागे उरलेल्या बैलांना चारतात. त्याला जोडीदाराचा घास म्हणतात. उन्हाळ्यात मेलेल्या बैलावरची ज्वारी जानरावांनी या दोघांना चारली होती. मी म्हटलं, वाळवून घाला, विष जाईल. जानराव बिघडले. "मेल्या बैलाले आमी परकं करत नाही. तुमी काहून असं बोलून राहिले?"

वद्य ८

वाचवलेला बैलही गेला. खुंटा उपटून जोडीदारावर पेरलेल्या ज्वारीवर पोचला होता. गावातले आणखी चार गेले. सगळे पुरले, सगळ्यांवर पेरलं. पाऊस नाही, रान करपलंय, आणि पहिल्या बैलावरची ज्वारी पाच दिवसांत गुडघाभर. मला भीती वाटते.

वद्य ११

सकाळी मीच सगळी कापून जाळली. दुपारी पाहतो तर— तेवढीच. गुडघाभर. भोवती गावचे बैल दावी तोडून आलेले. हाकलले तरी हलत नाहीत. गूळ संपत आलाय.

वद्य १३

सुभद्रा दारात बसून काहीतरी चघळत होती. हसली. दात हिरवे. मी ओरडलो. म्हणाली, त्याच शेतातून रोज आणते, इतकं गोड कधी खाल्लं नव्हतं—

दुपार

धाप. फेस. गूळ पाजतोय, बाहेर येतोय. देवा, हिला नेऊ नकोस, मी काय वाटेल ते—

तिचा श्वास थांबला.

पोट हलतंय. पोर जिवंत आहे! कान लावला—

आत कुणीतरी चघळतंय.