माद्रिदला समुद्र नाही

अब्बासिया, कुवेत
२८ जून २०२६

आदरणीय बिल्कीसचाची,

सलाम, आणि प्रकृती विचारण्याआधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की मोटारींची शर्यत बार्सिलोनाला आहे. ती माद्रिदला आहे. (स्पेन म्हणजे बार्सिलोना, असं बाबा आणि मुस्तफाचाचा इतकी वर्षं बोलत आले की मी तपासलंच नाही. तिकिटं माद्रिदची, हॉटेल बार्सिलोनाचं, मधे आख्खा देश.) आता सांगा, गुडघे कसे आहेत? चाचांच्या मागे घरात बसायची इद्दत संपली, आता अंगणात तरी बसता ना? आम्ही सगळे ठीक आहोत. हेही पुढे दुरुस्त करते.

ही सहल चाचांच्याच डोक्यातून निघाली, हे तुम्हाला माहीत आहे. आधी शर्यत, मग तीन दिवस शहर, आणि तेही समुद्राचं. कारण तिथला बांगडा हर्णैच्या बांगड्यापुढे कितपत टिकतो, याचा निकाल त्यांना स्वतः द्यायचा होता. ‘महादेवा, गाड्या तू बघ, मासळी मी बघतो!’ ‘तुला काय, तळलं की सगळं चालतं,’ असं बाबा म्हणायचे. (मला इंग्रजी बोलायला नेणार होते.) माद्रिदला समुद्र नाही हे कळल्यावर बाबा खूप हसले. चाचा गेल्यापासून पहिल्यांदाच. ‘मुस्तफा विमानातून उतरलाच नसता,’ म्हणाले, आणि हसता हसता उठून स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ नळ चालू होता. बाहेर आले ते ‘रद्द कर सगळं’ म्हणतच.

तुम्हाला आठवत असेल, शर्यतीच्या रविवारी दोघे गॅरेजमधून लवकर निघून आमच्याकडे यायचे आणि चाचा आधी टीव्हीचा आवाज बंद करायचे. समालोचन करणाऱ्या त्या गोऱ्याला काय कळतं, असं त्यांचं म्हणणं. मग स्वतःच सुरू व्हायचे, ‘आला, आला, आता दाबतो बघ, अरे मेल्या, वळण बघ की पुढं!’ आणि फोन उघडा, म्हणजे तुम्हाला भाकऱ्या थापताना ऐकू जावं. (एकदा तुम्ही तिकडून ‘टायर बदलायला सांगा त्याला’ म्हणालात, आणि दोनच मिनिटांत त्याने खरंच बदलले. चाचा आठवडाभर गॅरेजमध्ये ते सांगत होते.)

बाबा अजूनही आवाज बंद करतात आणि नुसते बघत बसतात. गेल्या वेळी मला राहवलं नाही, मी म्हटलं, ‘निळी गाडी पुढे गेली आहे, बहुतेक.’ बाबा म्हणाले, ‘बातम्या वाचतेस काय गं?’ आणि टीव्हीच बंद केला. तेव्हा आम्ही ठीक नाही आहोत, चाची.

सिराजला आशीर्वाद. स्वतःला जपा.

तुमची,
विनिता

ता. क. फोन न करता पत्र लिहिलं, कारण आमच्या दोन खोल्यांत बाबांना सगळं ऐकू जातं. हे सुट्टीवर गावी निघालेल्या शेजारच्या सोनलताईंबरोबर दापोलीला पाठवते आहे.

ता. क. २. मी काहीच रद्द केलेलं नाही. बाबांना ‘केलं’ असं सांगितलं आहे, आणि तेव्हापासून मला जेवण जात नाही. माद्रिदची शर्यत बघून आगगाडीने बार्सिलोनाला जाता येतं. हॉटेल तिथलंच आहे, बांगडाही असेल.

ता. क. ३. खरं मागणं हे. तिथे प्रेक्षकांच्या स्टँडवर बसलं की रस्त्याचं एकच वळण दिसतं म्हणे. गाड्या भुर्रकन जातात आणि पुढे काय झालं ते कळत नाही. त्या रविवारी सिराजला टीव्ही लावायला सांगाल का? आवाज बंद ठेवून. आणि फोनवरून बाबांना तुम्ही सांगाल का, कोण आला, कोणी दाबली, कोणाला टायर बदलायला हवेत? इतकी वर्षं ऐकलंत, तुम्हाला येतंच. मेल्या म्हणायला विसरू नका.

तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. पण व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला बाबांना स्वतःच जावं लागणार, म्हणून खरं सांगणं भाग आहे. सांगणार आहे. शुक्रवार, १० जुलै, दुपारचं जेवण झाल्यावर.