झाडांचा नेमका पत्ता

१८ ऑगस्ट, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. उठणं सहाला. सिगारेट बंद. (साडेसातला उठलो, पण काल झोपायला उशीर झाला होता. आजचा दिवस धरत नाही.)
आमच्या गावचे चित्रकार रापोलास आजोबा, त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन आमच्या संग्रहालयात ठरलं. आयुष्यभराची चित्रं, सगळी इथल्याच जंगलाची. लेबलं लिहिण्याचं काम माझ्याकडे. गेनोवाइटे बाई, म्हणजे आमच्या संचालक, म्हणाल्या की आजोबांनी सगळ्यात मोठं चित्र संग्रहालयाला कायमचं दिलं, तर माझी हंगामी नोकरीही कायम होईल. म्हणजे झालीच म्हणायची. आजोबांना मी आवडतो. त्यांना मूलबाळ नाही, आणि माझं अक्षर चांगलं आहे.

२१ ऑगस्ट
चित्रांची नावं बघून धक्का बसला. ‘झाडं’. ‘झाडं, सकाळ’. ‘पुन्हा झाडं’. मोठ्या चित्राचं नाव ‘जंगलात’. एवढा थोर माणूस आणि हा निष्काळजीपणा. विल्नियसच्या कॉलेजात (दोन वर्षं होतो. सोडलं ते प्राध्यापकांच्या वागण्यामुळे) पहिल्याच तासाला शिकवलं होतं की निसर्गचित्राखाली स्थळ हवंच. आजोबांना विचारलं, ही जागा कुठली? म्हणाले, जंगलातली. वय झालंय. विसरतात.

२४ ऑगस्ट, रविवार
आईबरोबर जंगलातल्या आमच्या ठरलेल्या जागेवर अळंबी काढायला. टोपली भरून बाराविकास, अळंब्यांतली सगळ्यात मोलाची जात, एकही किडकं नाही. परतताना फाटकात शेजारचा युर्गिस काका. टोपलीत जवळजवळ डोकं घालून विचारतो, कुठे मिळाली एवढी? आई म्हणाली, जंगलात. तो दरवर्षी विचारतो, आई दरवर्षी हेच सांगते. असं विचारायला लाज कशी वाटत नाही माणसाला! आम्ही मावशीलासुद्धा सांगितलेलं नाही.
आईच्या आईची, माझ्या आजीची, आणखी एक जागा आहे, याच्याहून चांगली. यंदा दाखवीन, आई म्हणाली. तू आता मोठा झालास.
सिगारेट एक. जंगलातली धरत नाही.

२८ ऑगस्ट
मोठा दिवस! आजोबा आपणहून म्हणाले, चल पोरा, टोपली धर. मोठं चित्र जिथे काढलं तिथेच घेऊन गेले. तळ्यामागे, जुन्या वीटभट्टीवरून डावीकडे, एका बुंध्यातून दोन बर्च फुटलेत तिथे. हुबेहूब चित्रातल्यासारखे. मी सगळं टिपून घेतलं. आजोबा मात्र सारखे वाकून बाराविकास कापत होते, त्यामुळे छायाप्रकाशाबद्दलचे माझे प्रश्न वाया गेले.
मोर्ता आजी, म्हणजे त्यांची बायको, गेल्यापासून इथे कोणाला आणलं नाही, म्हणाले. जागा तिनेच शोधलेली. नाताळच्या आदल्या संध्याकाळच्या जेवणात तिची अळंबी इथलीच असायची. अजूनही ते इथलीच वाळवतात, एकट्यासाठी. निघताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता तुला माहीत आहे."
मी म्हटलं, हो आजोबा, नोंद केली आहे.

२ सप्टेंबर
लेबल तयार. ‘जंगलात. स्थळ: तळ्याची मागची बाजू, जुन्या वीटभट्टीवरून डावीकडे, जोडबर्चपाशी. मातीच्या रस्त्यावर गाडी लावता येते. चित्रकाराच्या दिवंगत पत्नीची आवडती जागा.’ शुद्धलेखन पुन्हा पुन्हा तपासलं. बाईंनी शुद्धलेखनापुरती नजर टाकली. त्या कौनासच्या, जंगलात फारशा जात नाहीत. म्हणाल्या, आजोबांना एकदा दाखवून घे. दाखवणार नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं ते उद्घाटनालाच यावं.

५ सप्टेंबर, शुक्रवार
उद्घाटन. भाषणं, शाकोतिस केक. आजोबा लग्नातला कोट घालून आलेले. चष्मा घरी विसरले, त्यामुळे लेबल वाचायचं राहिलं. पण लोक! चित्राकडे एक नजर, आणि माझ्या लेबलापुढे गर्दी. मोबाइलवर फोटो काढत होते, चित्राचे नव्हे, लेबलाचे. युर्गिस काका, जो जन्मात संग्रहालयात फिरकला नाही, त्याने ओठ हलवत दोनदा वाचलं. माझा हात हातात घेऊन म्हणाला, शिकलेल्या माणसाचं काम काही वेगळंच.
सिगारेट चार, आनंदाच्या.

७ सप्टेंबर, रविवार
काल दिवसभर पाऊस. आज दार उघडायच्या आधीच बाहेर रांग. रबरी बूट, बादल्या. काही जण नुसतं लेबल वाचून परत फिरले. कला अशी साध्या माणसापर्यंत पोचते. बाई म्हणाल्या, इतकी गर्दी कधी झाली नव्हती.
जेवताना आईला सांगितलं. तिने विचारलं, असं काय लिहिलंस तू? पाठच होतं, म्हणून दाखवलं. आई चमचा खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मग उठून भांडी घासायला लागली. तिला कलेतलं कळत नाही.

१० सप्टेंबर
आजोबा आले. हातात टोपली. टोपलीत नेचाची पानं अंथरलेली, वर काहीच नाही. आज चष्मा होता. लेबल सावकाश, शेवटपर्यंत वाचलं. मी शेजारीच. विचारलं, काही चूक आहे का आजोबा? (असं कसं विचारलं मी?)
"नाही पोरा. सगळं बरोबर आहे."
मग खुर्चीवर बसले. सांगत होते ते माझ्याकडे न बघता. तिथे चाकांच्या खुणा आहेत. बर्चखाली बाटल्या. कोणीतरी दाताळ्याने शेवाळ खरवडून काढलंय, आता तिथे त्यांच्या हयातीत काही उगवायचं नाही.
"मी गेल्यावर मोर्ताची जागा कोणाला तरी माहीत असावी," म्हणाले. "म्हणून दाखवली तुला."
मी म्हटलं, लेबल काढून टाकतो. म्हणाले, आता कशाला.
तरी काढलं. स्क्रू निघेनात. मीच घट्ट बसवले होते.

११ सप्टेंबर
बाईंनी लेबल पाहिलं होतं, म्हणजे जबाबदारी त्यांचीही. शिवाय आजोबांनी त्या दिवशी स्पष्ट सांगायला हवं होतं की कोणाजवळ बोलू नकोस.
वरचं वाचलं. आपल्याकडे हे कोणाला सांगावं लागतं? मावशीला सांगितलं होतं का आम्ही?
सिगारेट मोजल्या नाहीत.

१३ सप्टेंबर
आजोबांनी चित्र दिलं. म्हणाले, आता ते घरात ठेवून काय करू. माझी नोकरी कायम झाली. बाईंनी सगळ्यांसमोर माझ्या लेबलांचं कौतुक केलं. मी फरशीकडे बघत होतो. आजोबांची अट एकच होती, चित्राखाली एवढंच लिहायचं: ‘जंगलात’.
तो एक शब्द लिहायला दुपार गेली.

१४ सप्टेंबर, रविवार
आज खरंच सहाला उठलो. आई माझ्या आजीची दुसरी जागा दाखवणार, तो दिवस. टोपली घेतली, चाकूला धार लावली. बाहेर आलो तर आई बूट चढवून फाटकाच्या पलीकडे उभी. माझ्या टोपलीकडे बघितलं आणि बाहेरून फाटकाची कडी घातली.
मी विचारलं, कुठे चाललीस?
"जंगलात," आई म्हणाली.